चिखलातली गोळी

शेतीखात्यात असताना माझ्या अहवालांत एक वाक्य ठरलेलं असे : 'पाणथळ खाचरात दिलेल्या नत्राचा बराच भाग वायुरूपाने वाया जातो.' तीसेक वर्षं मी ते लिहिलं, कारकुनाने टाइप केलं आणि साहेबांनी त्याखाली सही ठोकली. गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्सच्या उत्तर किनाऱ्यावर, मांडीभर चिखलात उभ्या असलेल्या माझ्या भाचीने त्या वाक्यातल्या एका शब्दाला हरकत घेतली.

"वाया काय रे मामा? हवेतून आला होता, हवेत परत गेला. आमच्या जमाखर्चात तो जमेच्या बाजूला पडतो."

"आमच्या जमाखर्चात त्याचे पैसे शेतकऱ्याने मोजलेले असायचे," मी म्हणालो.

भाचीचं कागदावरचं नाव काहीही असो, घरात ती ठमी. ती तिथल्या विद्यापीठात पीएच.डी. करते आहे, वर्ष चौथं. खाजणातल्या चिखलात राहणारे सूक्ष्मजीव नत्राचं काय करतात, हा तिचा विषय. मी पेणचा, खारेपाटातला. बाहेरकाठा फुटला, उधाणाचं पाणी शेतात शिरलं की तीन-तीन वर्षं भात धरत नाही, हे बघत लहानाचा मोठा झालेला. माझ्या लेखी खाजण म्हणजे अजून बांध न घातलेली जमीन. ठमीच्या लेखी ती बांध घालू नये अशी जमीन. आमचं भांडण इतकं जुनं आहे की विमानतळावरून घरी जाताना गाडीतच ते सुरू झालं.

आधी जागा सांगतो. बॉस्टनच्या उत्तरेला प्लम आयलंड नावाचं वाळूचं लांबट बेट आहे, आणि त्याच्या पाठीशी मैलोगणती पसरलेलं खाजण. आपल्याकडे खाजण म्हटलं की चिपी, तिवर डोळ्यांसमोर येतात. इथल्या थंडीत खारफुटी तगत नाही, म्हणून सगळं राज्य एका गवताचं : स्पार्टिना. ओहोळांच्या कडेला ते पुरुषभर वाढतं, आत उंचवट्यावर त्याचीच बुटकी भावंडं वाऱ्याने लोळून केसांचे भोवरे पडावेत तशी पसरलेली असतात. दिवसातून दोनदा पाणी येतं, दोनदा जातं आणि भरती-ओहोटीतलं अंतर जवळपास नऊ फूट. जुन्या वसाहतवाल्यांनी हे गवत गुरांसाठी कापलं. त्यांच्या गंजी पाण्यावर राहाव्यात म्हणून ठोकलेल्या लाकडी खुंटांची वर्तुळं अजून इथे-तिथे दिसतात. आणि जुलैत हिरव्या डोळ्यांच्या माश्या. त्या चावत नाहीत, कातडीचा तुकडा काढतात. त्यांना पकडायला खाजणात चार पायांच्या काळ्या पेट्या उभ्या केलेल्या असतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, हाच ठमीचा प्रयोग.

तिचा प्रयोग त्यामानाने काहीच दिसण्यासारखा नव्हता. तिने हातभर लांबीची प्लास्टिकची नळी चिखलात दाबली, वरून बूच लावलं, अंगाला पीळ देत ती उपसली आणि माझ्यासमोर धरली. वर चिमटीभर तपकिरी, खाली काळं. त्या काळ्यात माती शोधावी लागत होती, कारण सगळा मुळांचाच गुंता होता, जुन्या गादीतल्या काथ्यासारखा. आणि सडक्या अंड्याचा वास.

"हे एव्हाना कुजून जायला हवं होतं," मी म्हणालो. "आमच्या खड्ड्यात घाला, एका पावसाळ्यात खत होईल."

"तेच तर. इथे शेकडो वर्षांची मुळं अशीच पडून आहेत. समुद्र चढतो तसं खाजणही या मुळांच्या थरावर थर घालत वर चढतं. हे कुजलं तर खाजण बसलं."

"का कुजत नाही?"

तिने सांगितलं ते माझ्या शब्दांत असं. चिखलात काही मिलिमीटरच्या खाली प्राणवायू संपतो. मग तिथले जीव श्वासासाठी दुसरं काहीतरी शोधतात. सगळ्यात चांगलं म्हणजे नायट्रेट, जवळजवळ प्राणवायूइतकी ताकद देणारं. ते नसेल तर मँगनीज, मग लोह आणि शेवटी सल्फेट. समुद्राच्या पाण्यात सल्फेटला तोटा नाही, म्हणून खाजणातला बहुतेक कुजण्याचा कारभार सल्फेटवर चालतो. याच राज्याच्या दक्षिणेला, केप कॉडवरच्या वुड्स होलला विद्यार्थी असताना रॉबर्ट हॉवर्थ यांनी जॉन टील यांच्याबरोबर किरणोत्सारी गंधक वापरून हा कारभार मोजला. तो निबंध १९७९चा. अंड्याचा वास ही त्याच कारभाराची पावती. पण सल्फेटवर जगणाऱ्यांना ताकद कमी मिळते. मऊ, सोपं ते खातात आणि चिवट मुळं तशीच टाकून देतात.

"म्हणजे बोथट कोयता," मी म्हणालो. "झुडूप तुटतं, ओंडका तुटत नाही."

"आणि नायट्रेट म्हणजे त्याच कोयत्याला धार," ठमी म्हणाली. तिला उपमा आवडली. मला आवडली नाही, कारण पुढे काय येणार हे मला दिसायला लागलं होतं.

*

पुढे आलं ते असं. २००४ पासून इथल्या काही ओहोळांत, दर उन्हाळ्यात, प्रत्येक भरतीच्या पाण्यात नायट्रेट सोडण्यात आलं. किनाऱ्यावरच्या वस्तीचं सांडपाणी आणि शेतीतलं खत वाहून आलं तर पाणी जेवढं नत्राळेल, साधारण तेवढंच. शेजारचे ओहोळ तसेच ठेवले, तुलनेला. लिंडा डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ वर्षांचा हिशोब २०१२ मध्ये 'नेचर'मध्ये मांडला.

"गवत वाढलं असणार," मी म्हणालो.

"वाढलं ना. पानं उंच, हिरवीगार."

"मग? खत घातलं, पीक वाढलं. यात 'नेचर'ला छापण्यासारखं काय?"

"मुळं घटली."

यावर मला थांबावं लागलं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ज्या शेतकऱ्याने युरियाची पोती रिकामी केली, त्याचं भात काळंशार दिसतं आणि दाणा भरायच्या वेळी वाऱ्याच्या पहिल्या झोताला लोळतं. आयतं मिळालं की झाड जमिनीत हात-पाय पसरत नाही. मीच हे गावोगावच्या सभांत सांगितलं आहे. फक्त भात लोळलं तर एक हंगाम जातो. खाजणाची मुळं घटली तर ज्यावर ते उभं आहे तेच जातं.

"वर मुळं कमी आणि खाली धार लावलेला कोयता," ठमी म्हणाली. "ओहोळांच्या कडा भेगाळल्या. मग गवतासकट मोठमोठी ढेकळं पाण्यात उतरली. तू बघतोयस ना तो काठ? तो तसा नव्हता म्हणतात."

काठ मी बघत होतो. गवताची हिरवी झूल अंगावर घेऊन ढेकूळ अर्धं पाण्यात झुकलेलं, म्हशीसारखं.

"म्हणतात म्हणजे? तू नव्हतीस?"

"खत २०१६ ला थांबलं. मी नंतर आले."

"म्हणजे लग्न लागल्यावर मांडवात."

तिला राग आला. तिला राग आला की ती हसते, हे तिच्या आईकडून आलेलं आहे.

"जखम कशी भरते, किंवा भरते का, हे कोणी बघायचं मग? वरातीनंतर मांडव झाडायला पण माणूस लागतो, मामा."

*

मी हार मानून गप्प बसणाऱ्यांतला नाही. त्या रात्री पिठलं-भात खाताना मी दुसरी बाजू लावून धरली. ती तशी लेचीपेची बाजू नव्हती, आणि अजूनही मला ती नाही वाटत.

"हे बघ. माणसं राहणार. त्यांची मोरी, संडास असणार. त्यातला नत्र पाण्यात उतरणार. तुझं ते केप कॉड, तिथे घरोघरी सेप्टिक टाकी, जमीन वाळूची, त्यामुळे सगळं भूजलातून खाडीत. बरोबर? आता तुझ्या चिखलातले जीव तो नत्र घेऊन हवेत सोडून देतात. फुकट. वीज नाही, पंप नाही, कंत्राटदार नाही. एवढं सोन्यासारखं शुद्धीकरण केंद्र आयतं असताना तुम्ही लोक त्याला हात लावू नका म्हणता. आम्ही बांध घालून खाचरं करतो ते पाप, आणि हे नुसतं पडून राहू देणं हे पुण्य?"

"हा विचार तुझा नाही, आधीच झालाय," ती म्हणाली. "१९७०च्या आसपास. इव्हान वालिएला आणि जॉन टील यांनी केप कॉडवरच्या ग्रेट सिपेविसेट खाजणात दहा-दहा मीटर त्रिज्येची वर्तुळं आखली आणि त्यात सांडपाण्याच्या गाळापासून केलेलं खत टाकायला सुरुवात केली. खाजण सांडपाणी पचवेल का, हाच प्रश्न होता."

"आणि पचवलं?"

"बरंच पचवलं."

"खचलं?"

ती पिठल्यात भात कालवत राहिली. "नाही," शेवटी म्हणाली. "नाही खचलं. चाळीस वर्षांनंतर मोजलं तर जास्त खताच्या वर्तुळांची उंची उलट वाढलेली निघाली."

मला इतका आनंद झाला की मी तिच्या ताटात न विचारता भात वाढला. म्हणजे एकाच राज्यात, दोन-अडीच तासांच्या अंतरावर, दोन खाजणं. दोन्हींत वर्षानुवर्षं नत्र. एक ढासळलं, एक उंचावलं. आणि इतकं होऊनही माणसं एकमेकांचे निबंध शांतपणे उद्धृत करतात! आमच्याकडे अशा मतभेदावर दोन विभाग वेगळे झाले असते.

"मग तुमचं कुठलं खरं?"

"दोन्ही मोजमापं खरी आहेत. तोच तर माझा विषय."

"हे उत्तर परीक्षेत चालतं का?"

*

रविवारी ती मला सिपेविसेट दाखवायला घेऊन गेली. प्लम आयलंडच्या मानाने ते खाजण लहान, वस्तीला चिकटून आणि भरती-ओहोटीही तिथे तितकी दांडगी नाही. पण ठमीला मला दाखवायचं होतं ते वेगळंच. उथळ डबक्याशी ती ओणवी झाली, तळहातावर पाणी घेतलं आणि त्यातून काहीतरी वेचून माझ्या हातावर ठेवलं. गुलाबी दाणा. लहानसर डाळिंबाच्या दाण्याएवढा, तसाच पारदर्शक-ओलसर, जरा दाबला तर लवचीक. मला ते माशाचं अंडं वाटलं.

"जिवाणू," ती म्हणाली. "लाखोंनी, एकत्र. दोन जाती मुख्य. एक सल्फेट श्वासाला घेते आणि सल्फाइड सोडते. दुसरी तेच सल्फाइड घेऊन उजेडात आपलं अन्न करते आणि पहिलीला लागेल असं गंधक परत देते. एकाच दाण्यात गंधकाचा पुरा फेरा. या डबक्यांत हे दाणे पसाभर मिळतात, म्हणून वुड्स होलच्या सूक्ष्मजीवांच्या उन्हाळी वर्गाची पोरं दरवर्षी इथे येतात. कित्येक जण इथूनच या चिखलाला लागले."

"लागले म्हणजे नादाला."

"नादालाच."

तिच्या हातात तो दाणा असताना मला तिचा चेहरा दहा वर्षांची असतानाचा दिसला, ओहोटीला चिंबोरी धरलेली. ते मी तिला सांगितलं नाही. मी विचारलं, "इथल्या वर्तुळांत टाकलेल्या खताच्या पोत्यावर काय लिहिलेलं होतं?"

"म्हणजे?"

"नत्र कुठल्या रूपात? नायट्रेट, की युरिया-अमोनियम?"

ती माझ्याकडे वळली. "बहुतेक युरिया-अमोनियमच्याच घराण्यातला. प्लम आयलंडला मात्र नुसतं सोडियम नायट्रेट."

आता मला जे वाटलं ते नीट सांगायला थोडं मागे जावं लागेल. कोकणात डॉ. नारायण सावंतांची चारसूत्री भातशेती आली तेव्हा मी बांधाबांधाने फिरून ती शिकवली आहे. त्यातलं चौथं सूत्र म्हणजे युरिया-डीएपीची गोळी. पावणेतीन ग्रॅमची. रोपं चौकोनात लावायची आणि चार चुडांच्या मध्ये एक गोळी, चार बोटं खोल, लावणीच्या दिवशीच खोचायची. शेतकरी विचारायचे, "साहेब, वरून फेकलं तर काय बिघडतं? वाकून वाकून कंबर गेली." मी सांगायचो, खाचरातल्या चिखलाचा वरचा पापुद्रा तेवढा हवेशीर असतो. तिथे अमोनियमचं नायट्रेट होतं. ते नायट्रेट खालच्या काळ्या थरात झिरपलं की जिवाणू त्याचा वायू करून टाकतात. गोळी सरळ काळ्यात पुरली तर ती अमोनियमच राहते आणि भाताला मिळते. म्हणूनच तुंबलेल्या खाचरात नायट्रेटवालं खत आम्ही कधी सांगितलं नाही.

हे सगळं मी तिला डबक्याकाठी उभ्या उभ्या ऐकवलं. म्हणजे अमोनियम हे काळ्या चिखलात नुसतं खाणं आहे, आणि नायट्रेट हे खाणंही आहे आणि श्वासही. मग ज्या खाजणात युरिया-अमोनियम पडलं तिथे झाडं वाढली, पाचोळा वाढला, उंची वाढली. जिथे नायट्रेट पडलं तिथे चिखलालाच श्वास मिळाला आणि त्याने आपलं अंथरूण खाल्लं.

ठमी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तू हे मराठीत तीस वर्षं सांगत होतास?"

"गोळीपुरतं."

"हे आमच्यात चाललेलं खरं भांडण आहे, मामा. म्हणजे एकटं हेच कारण असेल असं नाही. एकीकडे खत वर पठारावर टाकलं, दुसरीकडे पाण्यातून काठापर्यंत नेलं. भरतीचा जोर वेगळा. पण नत्राचं रूप हा मोठा धागा आहे. माझ्यासारखीच पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीने प्लम आयलंडचा चिखल वरचा, मधला, खालचा असा वेगवेगळा घेऊन त्यातून तीन महिने नायट्रेटचं पाणी सोडलं. २०१९ ला छापून आलं. खालच्या, जुन्या, कोणी खाणार नाही म्हणून सोडून दिलेल्या थरातही कुजणं वाढलं."

"मग गोळी शिकवायला तिला पेणला पाठव."

मी जिंकलो होतो, असं मला परतीच्या वाटेवर तासभर वाटत होतं. मग लक्षात आलं की माझ्या फुकटच्या शुद्धीकरण केंद्राचा मुद्दा मीच चार बोटं खोल पुरून टाकला होता. सेप्टिक टाकीतून वाळूत झिरपता झिरपता नत्राचं काय होतं? नायट्रेट. खाडीत पोचतं ते नायट्रेट. चिखलातले जीव त्याचा वायू करून पाणी निर्मळ करतात हे खरं. पण ते काम करायला इंधन म्हणून जाळतात ती मुळांचीच गादी. केंद्र चालतं, पण आपल्या भिंतीच्या विटा चुलीत घालून. ठमीला हे आधीच कळलं होतं, म्हणूनच ती गप्प होती. वडीलधाऱ्याला स्वतःहून खड्ड्यात चालत जाऊ देण्याची ही कला मात्र तिच्या आईची नाही. ती तिने तिकडे कमावलेली आहे.

*

उरलं ते खरं भांडण, ज्यासाठी तिच्या आईने मला पाठवलं होतं.

"ठमे, तुझ्या वयाला मी कायम होतो. निवृत्तिवेतन ठरलेलं. तू अजून विद्यार्थिनी. यानंतर काय?"

"दोन वर्षांची पोस्टडॉक. मग कदाचित आणखी एक."

"मग?"

"मग बघू."

"हे 'मग बघू' आम्ही कुळाला सांगायचो. आणि हे प्रकल्प तरी कायम आहेत का?"

"प्लम आयलंडचं दीर्घकालीन संशोधन १९९८ पासून चालू आहे. पण दर सहा वर्षांनी निधीसाठी नव्याने अर्ज करावा लागतो."

"म्हणजे शंभर वर्षांच्या चिखलाचा अभ्यास सहा वर्षांच्या मुदतीवर, आणि तो करणारी पोरं दोन वर्षांच्या मुदतीवर."

"हो."

तिने 'हो' इतकं सरळ म्हटलं की माझं पुढचं वाक्य अडकलं. मी दुसरीकडून आलो. "आमच्या गोळीचा फरक शेतकऱ्याला एका हंगामात दिसतो. युरिया कमी लागतो, भात जास्त येतं, तो दुसऱ्या वर्षी आपण होऊन गोळी मागतो. तुझ्या कामाचा फरक कोणाला कधी दिसणार?"

"ऐक. तू २००४ ला इथे पीएच.डी.ला आला असतास आणि २००९ ला संपवून गेला असतास, तर तुझ्या प्रबंधात काय असतं? गवत वाढलं. छोटे मासे वाढले. चिखलातले जिवाणू? त्यांच्यात काही फरक नाही. खरोखर तसा निबंध आहे, २०११चा, जेनिफर बोवेन यांचा : एवढं खत घालूनही सूक्ष्मजीवांची वस्ती तशीच राहिली. काठ ढासळायला लागले ते नंतर. मासेही नंतर घटले, कारण मोडक्या काठावरून त्यांना गवतात चढता येईना."

"म्हणजे तो प्रबंध खोटा ठरला असता."

"खरा. पाच वर्षांपुरता."

"मग तुझाही तसाच."

"असू शकतो."

स्वयंपाकघरात फ्रीजची घरघर तेवढी ऐकू येत होती. मला वाटलं होतं की ती यावर वाद घालेल. तिने वाद घातला नाही, उठून ताटं घासायला लागली. पाठमोरी असतानाच म्हणाली, "पण ते जिवाणूंचं प्रकरण तिथे संपलं नाही. वस्ती बदलली नाही हे डीएनएवरून काढलेलं. डीएनए म्हणजे कोण कोण आहे. पुढे त्याच प्रयोगशाळेतल्या पोरांनी आरएनए बघितला, म्हणजे कोण काम करतंय. २०१६ ला निकाल आला. वस्ती तशीच, पण खताच्या ओहोळात कित्येक जाती झोपी गेलेल्या. जिवंत, पण निष्क्रिय."

मी इतका मोठ्याने हसलो की तिने नळ बंद केला.

"काय झालं?"

"मस्टर," मी म्हणालो. "अगं, मस्टरवर सगळे हजर! सही केलेली, खुर्चीवर कोट अडकवलेला आणि माणूस टपरीवर. तुमच्या लोकांनी पाच वर्षं मस्टर तपासलं."

"आणि नंतर कोणीतरी टेबलाटेबलाशी जाऊन बघितलं."

"ते बघणारं पोर कायम नोकरीतलं होतं?"

"पीएच.डी. करणारं होतं."

कायम नोकरीतल्या माणसाला दुसऱ्याची खुर्ची रिकामी असल्याचं नवल वाटत नाही. हे मी स्वतःवरून सांगू शकतो, पण तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिच्या आईला काय तोंड दाखवणार होतो?

*

माझ्या जाण्याआधीच्या आठवड्यात उधाण होतं आणि तिची नमुन्यांची फेरी पहाटेच्या ओहोटीवर होती. बरोबरीचा मुलगा आजारी पडला, म्हणून मदतीला मी. मला चिखलात उतरायला बंदी. काठावरच्या फळीवर बसून नळ्यांवर लेबलं लिहायची, एवढंच काम. ती खालून चिमूटभर काळा चिखल इवल्याशा नळीत भरायची, मी आकडा लिहायचो आणि ती ते झटकन एका जाड भांड्यात सोडायची. भांड्यातून धूर यायचा. आरएनए मिनिटांत मोडतो, म्हणून चिखल होता त्या क्षणी गोठवावा लागतो.

"काय आहे आत?"

"द्रव नायट्रोजन."

म्हणजे नत्रच. हवेच्या शंभर भागांत अठ्ठ्याहत्तर भाग तोच. मी फळीवरून वाकून तो पांढरा धूर काठावरून ओघळताना बघत बसलो. पावशेर वायासुद्धा गेला असेल.

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेतून फोनवर ओरडली, "मामा, तू आकडे मराठीत लिहिलेस!"

लिहिले होते. ७, ८, ९. हाताला वळण तेच, आणि पहाटे साडेचारला हात डोक्याला विचारत नाही.

"पुसून लिही मग."

"पुसता येत नाही, उणे ऐंशीत गेल्यात. काढल्या तर वितळतील." मग जरा थांबून, "राहू देत. मला वाचता येतं."

"तू पुढच्या वर्षी असशील का तिथे?"

पलीकडे फ्रीजरचं दार उघडल्याचा आवाज आला, मग तिची कुजबुज, ती नळ्या मोजत असावी.

"वहीत लिहून ठेवते," ती म्हणाली. "कुठला आकडा म्हणजे काय ते. शेजारी तू काढून दे तुझ्या अक्षरात एक ते दहा. नंतर जो कोणी फ्रीजर उघडेल, त्याला लागेल."

मी आखीव कागदावर एक ते दहा काढले, सावकाश, पाटीवर काढतात तसे, आणि फोटो पाठवला.